चिकित्सेचा रविवार: नाशिकमधील एका छायाचित्रण वर्गाचा अनुभव

कॉलेज रोडवरील एका छायाचित्रण वर्गात मी तीन महिने दर रविवारी जात होतो. तेथे व्याख्याने कमी असतात आणि एकमेकांचे फोटो पडद्यावर लावून त्यांची चिकित्सा अधिक होते. मला तरी हेच सर्वांत उपयोगी वाटले.

हुतात्मा अनंत कान्हेरे मैदानावर टिपलेला धावपटूचा एक फोटो मी मोठ्या हौसेने दाखवला होता. शेजारी बसलेले एक निवृत्त गृहस्थ शांतपणे म्हणाले, "अहो, पाय हललेत ते शोभून दिसतं, पण चेहराही हललाय." १/२५० सेकंदाचा शटर-वेग, म्हणजे कॅमेऱ्याचे शटर उघडे राहण्याचा वेळ, अपुरा पडला होता. पुढच्या खेपेस मी तो १/१००० ठेवला, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवला आणि गुडघे टेकून खालून फोटो घेतला, तेव्हा मागे उभ्या असलेल्या दुचाकीही चौकटीतून गेल्या.

व्यक्तिचित्रांतही असेच झाले. गोदाघाटावर फुले विकणाऱ्या आजींचा फोटो त्यांच्या परवानगीने, पण भर दुपारी काढल्यामुळे डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचला होता. एका मुलीच्या सूचनेवरून सकाळी त्यांना ओवरीच्या सावलीत, तोंड उजेडाकडे करून बसवले आणि बुबुळांत प्रकाशाचा बारीक ठिपका उमटला.

उणिवा आहेतच. काही जण नुसते "मस्त" म्हणून मोकळे होतात. प्रोजेक्टरचे रंग तर इतके फिके आहेत की त्वचेच्या छटांवरील चर्चा व्यर्थ ठरते, म्हणून स्वतःचा लॅपटॉप सोबत न्यावा.