भयकथा लिहून तयार आहे, द्यायची कुठं? दिवाळी अंक, प्रतिलिपी, किंडल की पुस्तक

लातूर, बीड, नांदेडकडच्या नव्याने लिहिणाऱ्याकडे सहसा चार-पाच कथा मोबाईलमध्येच टाईप करून पडलेल्या असतात. एकात पिंपळावरचा मुंजा, एकात जायकवाडी धरणाच्या नाथसागरात गेलेलं गाव, एकात देवगिरी किल्ल्याच्या अंधारीत, म्हणजे तिथल्या काळोख्या भुयारी वाटेत, मागे राहिलेला पर्यटक, शिवाय मध्येच सोडून दिलेली एक लांबलचक मालिका. त्या कुठं द्याव्यात, असं विचारणारे बहुतेक जण पैशापासून सुरुवात करतात. मी पैसा शेवटी ठेवीन. आधी कथा एका बैठकीत संपणारी आहे की भागाभागाने वाढणारी, ते बघावं. मग ती अजून कुठंही प्रसिद्ध झालेली नाही ना, ते तपासावं. या दोन उत्तरांवर निम्मा निर्णय होऊन जातो.

दुसरा मुद्दा आधी घेतो. दिवाळी अंकांना आणि त्यांच्या कथास्पर्धांना अप्रकाशित कथा लागते. प्रतिलिपीसारख्या, कुणालाही कथा टाकता येणाऱ्या ॲपवर टाकलेली कथा प्रकाशितच धरली जाते, फेसबुकवर टाकलेलीही, मग ती वीसच लोकांनी वाचलेली का असेना. अंकात छापून आलेली कथा पुढच्या वर्षी ॲपवर टाकता येते. उलट दिशेने वाट बंद असते. म्हणून कथा सुचली की लगेच ॲपवर, ही सवय असलेल्यांनी निदान दोन चांगल्या कथा बाजूला काढून ठेवाव्यात.

दिवाळी अंकांची परंपरा १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आली आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. कमी लोकांच्या लक्षात येतं ते असं, की गूढ, भय आणि रहस्य यांना मराठीत हक्काची जागा मिळाली तीही याच अंकांमुळे. ‘धनंजय’ आणि ‘नवल’ ही नावं त्यासाठीच ओळखली गेली. बाकीचे बरेच अंक कौटुंबिक, ग्रामीण, विनोदी कथांच्या मध्ये एखादी भयकथा चवीपुरती घेतात. तिथं स्पर्धा जास्त. तरी तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात अंकांचा संच येतो, घरोघरी फिरतो आणि उन्हाळ्यापर्यंत वाचला जातो. असा वाचक ॲपवर भेटत नाही.

अंकासाठी साधारण अडीच ते चार हजार शब्दांची कथा सोयीची पडते, आणि भयकथेचं खरं मापही तेच आहे असं मला वाटतं. भीती एका बसणीत चढते. वाचक उठला, भाजी फोडणीला टाकून परत आला, की पहिल्यापासून चढवावी लागते. शेवटच्या परिच्छेदात सगळं उलटं करणारी कथा तर भागांमध्ये तोडताच येत नाही, कारण तिचा शेवट पहिल्या पानावर पेरलेल्या एखाद्या क्षुल्लक वाक्यावर उभा असतो आणि ते वाक्य वाचकाच्या डोक्यात ताजं असावं लागतं.

गैरसोयीही आहेत. कथा एप्रिल ते जुलैच्या दरम्यान पाठवायची, अंक यायचा ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नकार आला तर नशीब, कारण बहुतेक वेळा काहीच येत नाही. मानधनाचं प्रत्येकाचं वेगळं, काही अंक रीतसर देतात, काही फक्त अंकाची प्रत पाठवतात. कथा युनिकोडमध्ये टाईप करून वर्ड फाईल द्यावी आणि सोबत पीडीएफ जोडावी. छपाईसाठी मजकूर दुसऱ्या फाँटमध्ये फिरवताना रफार आणि जोडाक्षरं इकडची तिकडं होतात, तेव्हा मुद्रितशोधकाला ताडून बघायला ती पीडीएफ उपयोगी पडते.

नकाराचं दुःख करणाऱ्या मराठवाड्याच्या लेखकाला एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. पैठणच्या सातवाहन राजाकडे गुणाढ्याने सात लाख श्लोकांची बृहत्कथा पाठवली, तीही पैशाची भाषेत, म्हणजे पिशाचांच्या. राजाने ती नाकारली. गुणाढ्य रानात बसून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवायचा आणि जाळायचा. प्राणी चरणं सोडून ऐकत बसले, राजाच्या ताटात वाळकं मांस येऊ लागलं आणि चौकशी होईपर्यंत एकच लाख श्लोक उरले. ही आख्यायिका आहे. तरी अद्भुतकथा साभार परत आल्याचा आपल्याकडचा सगळ्यात जुना दाखला गोदाकाठचाच, एवढं समाधान मानायला हरकत नाही. आणि पानं जाळू नयेत, प्रत ठेवावी.

साहित्यिक नियतकालिकं असल्या कथांना नाक मुरडतात ही तक्रार अर्धीच खरी आहे. २०२२ साली उदगीरला ९५ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं. त्याचे अध्यक्ष भारत सासणे मूळ जालन्याचे, आणि गूढ, अद्भुत हा त्यांच्या कथेचा ठळक भाग आहे. तुमच्या कथेत भुताच्या आड माणसाचं काही चाललेलं असेल, तर मराठवाडा साहित्य परिषदेच्या ‘प्रतिष्ठान’सारख्या नियतकालिकाकडेही ती पाठवून बघावी. नुसतीच किंकाळी असेल तर त्या वाटेला जाऊ नये.

आता प्रतिलिपी. खातं उघडा, मजकूर चिकटवा, प्रकाशित करा. तासाभरात पहिली प्रतिक्रिया येते आणि लेखकाला दुसऱ्या दिवशी लिहावंसं वाटतं, ही बाब अजिबात किरकोळ नाही. अंकाने चार-पाच महिने वाट बघायला लावलेला माणूस लिहिणंच सोडून देतो, अशी उदाहरणं गावोगावी सापडतील. मजकुराचा हक्क लेखकाकडेच राहतो. पैसा मात्र येतो तो मालिकांना. वाचकाला पुढचा भाग आत्ताच हवा असतो, त्यावर तिथला व्यवहार चालतो. सुट्या कथेला वाचक मिळतात, कौतुक मिळतं, उत्पन्नाची आशा धरू नये.

यात भयकथेचा घात कसा होतो ते सांगतो. प्रत्येक भागाच्या शेवटी दार करकरायला हवं, आणि पुढच्या भागाच्या सुरुवातीला कळतं की ते मांजर होतं. दहाव्या भागापर्यंत वाचक मांजराची वाट बघायला शिकतो. चाळिसाव्या भागात हडळ ही घरातलीच एक सासू होऊन बसते. अद्भुतकथेचं तसं नाही. सातवाहनकाळच्या पैठणात उघडणारं एखादं दार, मलिक अंबरच्या काळातल्या नहर-ए-अंबरी या पाणीयोजनेच्या भुयारी नळांतून चालणारं वेगळंच राज्य, अशा गोष्टींना पसरायला जागा लागते, नियम बसवायला भाग लागतात, आणि वाचकांचे प्रश्न त्यात खरोखर मदत करतात. तशी मालिका डोक्यात असेल तर दिवाळी अंकाची वाट न बघता सरळ ॲपवर जावं. चार हजार शब्दांत ती कोंबली तर तिचा नुसता सारांश होतो.

भाषेच्या बाबतीत ॲपचं पारडं जड आहे. “काय करलालास?” हे लातूरकडचं वाक्य तिथं कुणी “काय करतोयस?” करत नाही. अंकाकडे देताना संवाद बोलीत आणि निवेदन प्रमाण मराठीत ठेवलं तर सहसा हात लागत नाही. निवेदनही बोलीत हवं असेल, तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत एकसारखं ठेवा, म्हणजे ती चूक नाही हे वाचणाऱ्याला दिसतं.

पण ॲपवर तुमच्या आणि वाचकाच्या मध्ये कुणीच नसतं, आणि आपल्या भागात याची किंमत जरा जास्त पडते. भानामती हा शब्द शीर्षकात घातला की वाचक धावत येतात. लातूर-नांदेडकडच्या खेड्यांत याच शब्दाखाली खऱ्या बायकांवर आळ आले, त्यांना छळलं गेलं, आणि असल्या प्रकारांविरुद्ध २०१३ साली राज्यात जादूटोणाविरोधी कायदा झाला. कथेवर त्याची बंदी नाही. पण गल्लीतल्या एखाद्या विधवेचं वर्णन हुबेहूब उतरवून तिला चेटकीण करणारी कथा चांगला संपादक थांबवतो, ॲप थांबवत नाही. किल्लारीचंही तेच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात गेलेल्यांची घरची माणसं आजही आहेत. त्या ढिगाऱ्यातून उठणारं भूत लिहायचं तर गावाचं नाव बदलणं हा कमीत कमी शिष्टाचार झाला. ॲपवर टाकण्याआधी कथा एका परक्या, फटकळ माणसाला वाचायला द्यावी. घरच्यांना नको, घरचे छानच म्हणतात.

किंडलचं, म्हणजे ॲमेझॉनवरच्या ई-पुस्तकांचं, लवकर आटोपतं. मराठी ई-पुस्तक स्वतः चढवता येतं, सुरुवातीला खर्च नाही. रॉयल्टी ३५ किंवा ७० टक्के. मेख अशी, की भारतातल्या विक्रीवर ७० टक्के हवे असतील तर पुस्तक केडीपी सिलेक्ट या किंडलच्या योजनेत घालावं लागतं, आणि तिथं ९० दिवस तोच मजकूर डिजिटल स्वरूपात दुसरीकडे कुठंही ठेवता येत नाही. म्हणजे प्रतिलिपीवर फुकट वाचायला असलेल्या कथांचा संग्रह तिथं चालणार नाही, आधी त्या उतरवाव्या लागतील. दोन-तीन कथांची पुस्तिका चढवून फारसं काही हाती लागत नाही. दहा-बारा कथा आणि त्यांना जोडणारं एखादं सूत्र असेल, जसं की सगळ्या एकाच किल्ल्याच्या, एकाच नदीकाठच्या, तर विचार करावा.

छापील पुस्तकाची ओढ सगळ्यांनाच असते. भयकथेला मराठीत गिऱ्हाईक नाही हे खोटं आहे. नारायण धारपांची पुस्तकं छत्रपती संभाजीनगरच्या साकेत प्रकाशनाने नव्याने बाजारात आणली ती उगाच नाही. पण ते गिऱ्हाईक लेखकाचं नाव बघून येतं. नव्या लेखकाच्या कथासंग्रहाला प्रकाशक बहुधा खर्चात वाटा मागतो किंवा ठरावीक प्रती विकत घ्यायला लावतो. यात लबाडीच असते असं नाही, पण करारात किती प्रती, कोणाच्या खर्चाने, उरलेल्या कोणाच्या घरी, हे लिहून घ्यावं. आयएसबीएनसाठी, म्हणजे पुस्तकाच्या ओळखक्रमांकासाठी, वेगळे हजारो रुपये मागणाऱ्यापासून सावध राहा. तो क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. अंकांत पाच-सहा कथा येऊन गेल्यावर, कोणत्या अंकात कोणत्या साली आली याची यादी घेऊन प्रकाशकाकडे गेलं की बोलणं वेगळ्या पातळीवर होतं.

ऑडिओ मी या तुलनेत धरलेलं नाही. ऑडिओबुकचं ॲप स्टोरीटेल २०१७ मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी भय ऐकणारा वर्ग वाढला आहे, पण अनोळखी लेखकाची एकच सुटी कथा घेऊन तिथं शिरणं अवघड. तरीही हक्काच्या दृष्टीने ऑडिओ डोक्यात ठेवायलाच हवा. स्पर्धेच्या नियमांत बारीक अक्षरात ‘सर्व हक्क आयोजकांकडे’ असं आढळलं तर कथा पाठवू नये, बक्षीस कितीही असो. लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं टिकणारा हक्क चषकापायी द्यायचा नसतो. कॉपीराइट कायद्याचं कलम १९ लेखकाच्या बऱ्यापैकी बाजूचं आहे. हक्क लेखी दिले आणि मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पण कागदावर ‘कायमस्वरूपी’ लिहून सही केली की या कलमाचा आधार उरत नाही.

तेव्हा एका बैठकीची कथा असेल तर मे महिन्यात एका अंकाकडे पाठवा, एका वेळी एकाचकडे. पत्रात विचारा की निर्णय कधीपर्यंत कळेल, आणि त्या तारखेनंतर एक आठवण करून मोकळे व्हा. अंकाने ती घेतली नाही, तर ऑक्टोबर उलटला की तीच कथा ॲपवर टाकायला हरकत नाही. मालिका असेल तर किमान वीस भाग लिहून झाल्याशिवाय पहिला भाग टाकू नका. अंकाला पाठवताना पत्राच्या तळाशी एवढं लिहा: ‘ही कथा अप्रकाशित असून एका वेळच्या छापील प्रसिद्धीसाठी देत आहे. ऑडिओ, डिजिटल, भाषांतर व रूपांतराचे हक्क लेखकाकडे आहेत.’ खाली तारीख, सही, आणि पत्राची एक प्रत स्वतःजवळ.