अर्ज साहेबांकडे की प्राधिकरणाकडे?

ऐरोली-ठाणे पट्ट्यातली आम्ही माणसं रात्री-अपरात्री पूल ओलांडून घरी येतो. भाच्याला असंच नाकाबंदीत अडवलं, चौकीत दोन कानफटात दिल्या आणि कुठेही नोंद न करता पहाटेपर्यंत बाकावर बसवून ठेवलं. तेव्हापासून ओळखीचे विचारतात: काका, पोलिसांविरुद्ध तक्रार कुठे करायची?

पहिला रस्ता वरिष्ठांकडे लेखी अर्जाचा. सोपा, फुकट, पोच लगेच मिळते. साहेबाने मनावर घेतलं तर बदली किंवा निलंबन तिथूनच होतं, हेही खरं. पण आमचा अर्ज ‘चौकशीकामी’ फिरत फिरत त्याच पोलीस ठाण्यात आला. जबाबाला बोलावणं आलं. तोच बाक. ज्याच्याविरुद्ध तक्रार, तो चहाचा ग्लास घेऊन समोरून गेला, वर म्हणाला, “काय काका, अर्जबिर्ज?” जबाब आधीच टाइप करून ठेवलेला, शेवटची ओळ: ‘माझी आता काही एक तक्रार राहिलेली नाही.’ भाचा पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. मी सही करू दिली नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

दुसरा रस्ता पोलीस तक्रार प्राधिकरणाचा. पोलीस सुधारणांच्या प्रकाश सिंह खटल्यात २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते नेमायला सांगितलं. आपल्याकडे ते पोलीस कायद्यात २०१४ च्या दुरुस्तीने आलं. कोठडीतला मृत्यू, गंभीर मारहाण, बेकायदा अटक किंवा डांबून ठेवणं, खंडणी असली प्रकरणं तिथे जातात. उद्धट बोलला, एवढ्यासाठी जाऊ नका. राज्य प्राधिकरणाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती असतात. शिक्षा मात्र प्राधिकरण स्वतः देत नाही, अहवाल सरकारकडे जातो. तारखा पडतात, रजा मोडतात, आणि घाईच्या माणसाला हे मानवणार नाही. तरी सुनावणीच्या दिवशी तो अधिकारीही आमच्यासारखाच पुकाऱ्याची वाट बघत व्हरांड्यात उभा होता. हातात चहा नव्हता.

मानवी हक्क आयोगही आहेच, सीएसएमटीसमोर. तिथे घटनेपासून वर्षाच्या आत जायला हवं. नुकसानभरपाईची शिफारस हवी असेल तर चांगला. गुन्हाच नोंदवायचा असेल तर शेवटी दंडाधिकारी आणि वकील.

प्रत्येकाचं प्रकरण वेगळं, त्यामुळे माझंच खरं असं म्हणत नाही. वरिष्ठांकडचा अर्जही टाकाच, निदान पोच तरी हातात राहते. पण रस्ता कुठलाही घ्या, त्याआधी सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा म्हणून लेखी मागणी करा, माहिती अधिकारातही टाका. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये पोलीस ठाण्यातलं फुटेज अठरा महिने, तेवढी सोय नसेल तर निदान वर्षभर ठेवायला सांगितलंय. आम्हाला हे तिसऱ्या महिन्यात कळलं. तुम्ही दुसऱ्या दिवशीच अर्ज द्या, आणि तारीख-वेळेसोबत कुठला बाक, तेही लिहा.