स्लाइड की ट्यूब? सिकलसेलवरचे रेणू तपासणाऱ्यांसाठी

सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारात ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात. त्यावर औषध म्हणून चालेलसा एखादा रेणू हाताशी आला की पहिला पेच हाच: स्लाइडवर विळे मोजत बसायचं, की रक्त ट्यूबमध्ये भरून एनएमआरला (अणूंच्या गाभ्यांचं चुंबकातलं वागणं मोजणाऱ्या यंत्राला) लावायचं? पुण्यात दोन्हींची सोय होते, आणि मी दोन्ही करून बसलोय.

स्लाइडला खर्च जवळपास नाही. सूक्ष्मदर्शक, ऑक्सिजन काढून घेणाऱ्या मेटाबायसल्फाइटचं ताजं द्रावण, कव्हरस्लिपच्या कडेला नेलपेंट. थोड्या वेळात पेशी वाकड्या होताना डोळ्यांसमोर दिसतात, त्याला तोड नाही. गाइडही फोटोवर खूश. मोजणीत मात्र माणूस शिरतो. टोकं जराशी निमुळती झालेली पेशी विळा धरायची का, यावर माझं आणि लॅबमधल्या मैत्रिणीचं कधी जमलं नाही. एकाच स्लाइडवर तिला साठ दिसायचे, मला पंचेचाळीस.

तेवढ्यानं मी स्लाइड सोडली नसती. पण माझा रेणू होता अल्डिहाइड (टोकाला -CHO गट असलेला), व्हॅनिलाला वास देणाऱ्या व्हॅनिलिनच्या गोतावळ्यातला. या जातीचे बरेच रेणू हिमोग्लोबिनच्या अल्फा साखळीच्या टोकाच्या व्हॅलिन या अमिनो आम्लाला जाऊन चिकटतात. व्होक्सेलोटॉर हे सिकलसेलचं औषधही तिथंच बसतं (अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालेलं, २०२४ मध्ये कंपनीनं बाजारातून काढून घेतलेलं). तीन आठवडे स्लाइडवर काही फरक नाही. डोस दुप्पट केला, तरी विळे तेवढेच. शेवटी टपरीवर चहा पिताना ज्युनियर सहज म्हणाला, "दादा, बायसल्फाइट अल्डिहाइडला धरतं ना? बीएस्सीला प्रॅक्टिकल होतं आम्हाला." मी ग्लास खाली ठेवला. मेटाबायसल्फाइटचं पाण्यात बायसल्फाइटच होतं. ऑक्सिजन काढायला घातलेलं रसायनच माझं औषध गिळत होतं. तीन आठवडे मी मेलेला रेणू तपासत होतो.

स्लाइड रसायनाऐवजी नायट्रोजनमध्येही करता येते, हे मान्य. कुणाचा हात बसला असेल तर त्यांनी जरूर करावी. माझं नायट्रोजनचं चेंबर गळायचं.

मग ट्यूब. ओलसर नायट्रोजन रक्ताच्या पृष्ठभागावरून फिरवायचा (आत बुडबुडे सोडले तर नुसता फेस होतो), झाकण बंद करायचं आणि पाण्याच्या प्रोटॉनांचा टी-टू (चुंबकात त्यांचा संकेत विरायला लागणारा वेळ) मोजायचा. त्यासाठी मोठ्या यंत्राची रात्रीची पाळी मिळवावी लागत नाही, टेबलावरचा छोटा रिलॅक्सोमीटर पुरतो. हिमोग्लोबिन एस (सिकलसेलमधलं बदललेलं हिमोग्लोबिन) ऑक्सिजन सोडून दोऱ्यांत गुंफलं की आसपासचं पाणी जखडतं आणि टी-टू घसरतो. एनएमआरची ही वाट जुनी आहे. नोगुची, टोर्चिया आणि शेख्टर यांनी १९८० मध्ये कार्बन-१३ एनएमआर लावून पेशींतले दोरे मोजले, आणि ऑक्सिजन बराच असतानाही ते सापडतात असं दाखवलं. स्लाइडला फक्त आकार कळतो, दोरा कळत नाही.

ट्यूबही साधीभोळी नाही. ऑक्सिजन सोडलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढलं जातं, हे पॉलिंग आणि कोरिएल यांनी १९३६ मध्येच दाखवलंय. त्यानंही टी-टू खाली येतो, म्हणजे सगळी घसरण दोऱ्यांची नसते. शेजारी निरोगी रक्ताची ट्यूब हवीच, तितक्याच पेशींची, तितकाच नायट्रोजन दिलेली. पेशी तळाला बसतात, म्हणून ट्यूब उलटसुलट करून लगेच मोजायचं. आणि एक सापळा दोन्हीकडे आहे: हिमोग्लोबिनला ऑक्सिजन घट्ट धरायला लावणारा रेणू उगाच छान दिसतो. एक वाचन ऑक्सिजन पूर्ण काढून घ्यावं, तिथं खरं-खोटं कळतं.

तापमानाचं मात्र मी स्वतः भोगलंय. हे दोरे थंडीत विरघळतात. एकदा नायट्रोजन दिलेल्या ट्यूब थर्माकोलच्या डब्यात बर्फावर ठेवून पाषाणला निघालो. विद्यापीठ चौकात पाऊण तास अडकलो, पोचल्यावर घाईत तशाच थंडगार ट्यूब यंत्रात घातल्या. टी-टू झकास! फोनवर मैत्रिणीला सांगूनही टाकलं. मग औषध न घातलेली ट्यूब लावली, तीही तितकीच झकास. तेव्हापासून रक्त बर्फावर नेतो, पण नायट्रोजन यंत्राशेजारीच देतो आणि सदतीस अंशांवर स्थिरावल्याशिवाय आकडा लिहीत नाही.

रेणू अल्डिहाइड नसेल, पैसे बेताचे असतील आणि मोजणारा माणूस एकच राहणार असेल, तर स्लाइड वाईट नाही, कदाचित तुम्हाला तीच सोयीची पडेल. मी आता ट्यूबच लावतो. स्लाइड करतो एखादी, गाइडच्या फोटोपुरती.