लंडनच्या सिटीत उंचावर जेवायचंय: स्काय गार्डन की डक अँड वॉफल?

भारतातून आई-बाबा आले किंवा लग्नाचा वाढदिवस आला की लंडनमधल्या आपल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला, सिटीत कुठेतरी उंचावर जेवायला नेऊया पण कुठे? सिटी म्हणजे अख्खं लंडन नाही हां, बँका आणि इन्शुरन्सवाल्यांचा तो जेमतेम एक चौरस मैलाचा भाग. टॉवरमधली रेस्टॉरंटं तिथे बरीच आहेत, पण चर्चा फिरून फिरून याच दोन नावांवर येते.

स्काय गार्डन आहे 20 फेनचर्च स्ट्रीटला, म्हणजे वॉकी टॉकी म्हणतात ती वर रुंद होत गेलेली बिल्डिंग. (2013 मध्ये हिच्या खोलगट काचांवरून ऊन एकवटून खाली पार्क केलेल्या जॅग्वारचे पार्ट वितळले होते, तीच ही.) बाग 35व्या मजल्यावर आणि तिथे जायला पैसे लागत नाहीत, फक्त ऑनलाइन बुकिंग करावं लागतं, साधारण तीन आठवडे आधी स्लॉट उघडतात आणि वीकेंडचे बघता बघता संपतात. बागेच्या वर 36व्या मजल्यावर डार्विन ब्रासरी आणि 37व्यावर फेनचर्च ही रेस्टॉरंटं, त्यातलं फेनचर्च जास्त फॉर्मल. डक अँड वॉफल बिशप्सगेटवर, लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनपासून अगदी जवळ, 40व्या मजल्यावर. इथे वर जायचं तर खायला-प्यायलाच जायचं, फुकट काही नाही.

माझ्या मते सगळा निर्णय इथेच होतो. स्काय गार्डनमध्ये व्ह्यू फुकटच मिळतोय, मग तिथे टेबल बुक करून पैसे कशाचे देताय? निवांत बसण्याचे आणि जेवणाचे. ते हवं असेल तर जरूर जा, पण नुसते फोटो काढायचे असतील तर फुकटचा स्लॉट घ्या, वर फिरून या आणि खाली उतरून लिव्हरपूल स्ट्रीटच्या पलीकडे स्पिटलफील्ड्सकडे कुठेही निम्म्या पैशात झकास जेवा. डक अँड वॉफलमध्ये असा शॉर्टकट नाही, तिथे व्ह्यू बिलातच धरलेला असतो.

व्ह्यूच म्हणाल तर पाहुण्यांसाठी स्काय गार्डन, डोळे झाकून. समोर थेम्स, पलीकडे शार्डचा उंच टॉवर, डावीकडे टॉवर ब्रिज आणि त्याच्या अलीकडे टॉवर ऑफ लंडन, म्हणजे 'तो बघा, आपला कोहिनूर तिथे ठेवलाय' असं बाबांना बोट करून दाखवता येतं आणि पुढची वीस मिनिटं त्यांची इंग्रजांवर टीका ऐकता येते. डक अँड वॉफलमधून नदीचा असा मोकळा पट्टा दिसत नाही, पण गर्किन, म्हणजे तो काकडीच्या आकाराचा टॉवर, चक्क समोर दिसतो आणि रात्री ऑफिसांच्या दिव्यांमध्ये बसल्यासारखं वाटतं. दोघांनीच जायचं असेल तर मला हेच जास्त आवडतं. शिवाय तिथली बाहेरच्या बाजूची काचेची लिफ्ट! पोरं खूश, उंचीची भीती असलेल्यांचे मात्र हाल.

खाण्याचं काय, तर डक अँड वॉफलच्या नावातच बदक आहे. त्यांची फेमस डिश म्हणजे वॉफलवर बदकाची तंगडी, वर बदकाचंच अंडं आणि मोहरीवालं मेपल सिरप. खाणाऱ्याला मजा आहे, पण सोबत पक्के शाकाहारी असतील तर मेन्यू आधी बघून घ्या, नाहीतर काकू बिचाऱ्या साइड डिशवर जेवतील. मेन्यूतल्या किमतीत व्हॅट धरलेला असतो, आपल्याकडच्यासारखा जीएसटी वेगळा लागत नाही, पण सर्व्हिस चार्ज बहुतेक साडेबारा टक्के वर लावतात, तो ऐच्छिक असतो, त्यामुळे वर पुन्हा टिप ठेवायची गरज नाही.

आता वेळ, कारण लोक फसतात ते इथेच. जूनमध्ये इथे सूर्य मावळतो रात्री सव्वानऊच्या सुमारास, म्हणजे सातचं टेबल घेऊन 'लाइट्स बघू' म्हणाल तर डेझर्ट संपलं तरी बाहेर लख्ख उजेड. उलट डिसेंबरमध्ये चारच्या आत सूर्यास्त होतो, तेव्हा उशिराचं लंच घेतलं की उजेड, सूर्यास्त आणि दिवे तिन्ही एकाच बैठकीत मिळतात आणि लंचचा मेन्यू बऱ्याच ठिकाणी डिनरपेक्षा स्वस्त पडतो. फक्त ढग खाली आले तर चाळिसाव्या मजल्यावर पांढऱ्या काचेशिवाय काही दिसणार नाही, त्यामुळे कॅन्सलेशनची अट वाचूनच कार्ड नंबर द्या. आणि खिडकीचं टेबल सहसा कोणी गॅरंटीने देत नाही, बुकिंगच्या नोटमध्ये लिहा आणि वर पोचल्यावर परत एकदा गोड बोलून विचारा.

फार उंचीची धास्ती असलेलं कोणी बरोबर असेल तर बँक स्टेशनच्या डोक्यावरच कॉक दार्जों आहे, फ्रेंच जेवण आणि गच्चीवर बाग. उंची फार नाही, पण कोरडा उन्हाळी दिवस असेल तर रॉयल एक्स्चेंज या जुन्या इमारतीच्या बाजूला छान बसता येतं. पावसात तिकडे कशाला जाताय.