एबीएस काढून साधा ब्रेक करून देतो म्हणला, अन माझे 38 हजार घेतले

माझ्याकडं 2011 ची स्कॉर्पिओ आहे, फोर बाय फोर, एबीएसवाली (म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम, म्हणजे लॉक, होऊ न देणारी सिस्टीम असलेली), सेकंडहँड घेतलेली. आमचं शेत माजलगावच्या बाजूला, सगळी काळी माती, पावसाळ्यात वावराच्या वाटेला लागलं की चाकं चिखलानं थापली जातात, म्हणून मुद्दाम फोर बाय फोर घेतलती. मागच्या पावसाळ्यात डॅशवर एबीएसची पिवळी लाईट लागली आणि काही केल्या जाईना. ब्रेक मात्र नेहमीसारखाच लागत होता, हे ध्यानात ठेवा.

एका ओळखीच्यानं गॅरेज सांगितलं, नाव लिहीत नाही. मिस्त्री पन्नाशीचा, बोलायला एकदम गोड. गाडीच्या कॉम्प्युटरमधला फॉल्टचा कोड दाखवणारा स्कॅनर लावलाच नाही, बॉनेट उघडून पाईप जिथं एकत्र येतात त्या डब्यावर बोट ठेवलं अन म्हणला, "मालक, एबीएसचा पंप गेला. नवा लाखाच्या वर जाईल. आणि तुम्हाला कशाला पाहिजे, तुमचे रस्ते खडीचे, खडीवर एबीएसची गाडी लवकर थांबत नसती. काढून टाकू, जुन्या गाड्यांसारखा साधा ब्रेक करून देतो, परत टेन्शन नाही."

खडीचं त्याचं बोलणं खरं होतं, म्हणून तर मी फसलो. मोकळ्या खडीवर चाक लॉक झालं की त्याच्यापुढं खडीचा ढीग जमतो आणि गाडी त्याला अडते, एबीएस चाक फिरतं ठेवतं त्यामुळं थांबायला जास्त जागा लागते, हे मी स्वतः बघितलंय. पण पुढचं चाक लॉक झालं की स्टेअरिंग कितीबी फिरवा गाडी सरळच घसरत जाते, हे त्यानं सांगितलं नाही. आणि त्याहून मोठी गोष्ट, ब्रेक दाबला की वजन पुढं येतं, मागची चाकं हलकी होतात, त्यामुळं मागं प्रेशर कमी जायला पाहिजे, नाहीतर मागची चाकं आधी लॉक होतात. माझ्या गाडीत हे काम तोच डबा करायचा, ईबीडी म्हणतात त्याला. डबा काढला की त्याच्या जागी मागच्या लाईनला प्रेशर कमी करणारा वॉल्व्ह टाकावाच लागतो. हे सगळं मला नंतर कळलं.

चिठ्ठीवर त्यानं नवा मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की ब्रेक ऑइल ढकलतो तो), स्टीलचे पाईप, वॉल्व्ह, ब्रेक ऑइल आणि मजुरी असं लिहिलं, 38 हजार झाले. दोन दिवसांनी गाडी दिली, पिवळी लाईट गायब, पेडल टाईट, मी खूश. जुना पंप कुठाय विचारलं तर "भंगारात गेला मालक" म्हणला आणि मी पण सोडून दिलं, इथं लई मोठी चूक झाली माझी.

दिवाळीनंतर केजकडून गावाकडं येत होतो, गाडीत आई, बायको, दोन पोरं. धारूरचा घाट ज्यांना माहितीय त्यांना सांगायला नको, अरुंद रस्ता, वळणं, उसाच्या गाड्या. अवकाळी भुरभुर येऊन गेलती, रस्ता ओला. वळणावर समोर उसाचा ट्रॅक्टर आला, मी जोरात ब्रेक दाबला, स्पीड चाळीस असंल, आणि गाडीचा मागचा भाग दरीच्या बाजूला सरकला, अर्धी गाडी फिरली आणि मागचा बंपर कठड्याला धडकून थांबली. आई पुढच्या सीटला धरून बसलेली, तिच्या तोंडून शब्द निघंना. कठडा नसता तर काय झालं असतं हे आजपण रात्री डोक्यात येतं.

मग मेव्हण्यानं संभाजीनगरला त्याच्या खात्रीच्या मिस्त्रीकडं गाडी नेली. त्यानं खालून बघितलं तर वॉल्व्ह नव्हताच, मागची लाईन साध्या टी जॉइंटवरून सरळ जोडलेली. स्टीलच्या नावाखाली तांब्याचा पाईप, तो हादऱ्यानं कडक होऊन चिरतो, ब्रेकला चालत नाही. मास्टर सिलिंडर जुनाच, फक्त घासून पुसलेला. लाईट गेली कारण मीटर खोलून बल्बच काढलता. आणि मूळ फॉल्ट काय, तर मागच्या डाव्या चाकाच्या सेन्सरची वायर घासून तुटलेली. तीन हजाराच्या आतलं काम. पंप गेला होता याचा कुठलाच पुरावा नाही, चांगला चालू पंप त्या माणसानं ठेवून घेतला, आता तो कोणाला विकला देव जाणे.

गाडीवाल्यांनो, एवढं करा, इंजिन चालू करायच्या आधी चावी फिरवली की एबीएसची लाईट काही सेकंद लागून विझायला पाहिजे. लागतच नसंल तर कोणीतरी बल्ब काढलाय किंवा वायर कापलीय समजा. सेकंडहँड गाडी घेताना तर पहिलं हेच बघा. आणि स्कॅनर लावून कोड दाखवल्याशिवाय कोणालाच पंप गेला म्हणू देऊ नका, काढलेला पार्ट आपल्या डिकीत टाकून घ्या.

त्या पहिल्या मिस्त्रीकडं भांडायला गेलो तर म्हणला, "तुम्हीच काढ म्हणलतात, आता माझ्यावर का येता?" आणि वकिलानं सांगितलेलं ऐकून अजून राग आला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं कंपनीनं दिलेल्यात असा बदल करता येत नाही, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 182अ मध्ये प्रत्येक बदलाला 5000 दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि ते गाडीमालकाला. म्हणजे पैसे माझे गेले, जीव माझ्या घरच्यांचा टांगणीला लागला आणि कायद्यात पण मीच. ग्राहक आयोगात जायचं ठरवलंय, 5 लाखापर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही, 1915 वर फोन करून माहिती घेतली, पण हातात जीएसटी नंबर नसलेली एक चिठ्ठी आहे फक्त, त्यावर गॅरेजचं नाव पण नाही. संभाजीनगरच्या मिस्त्रीनं काय काय निघालं ते फोटोसहित लिहून दिलंय, तेवढाच आधार.

त्याच मॉडेलच्या गाडीचा पंप मिळालाय. बसवून, स्कॅनर लावून ब्रेकच्या पाईपमधली हवा काढून, चारही चाकांच्या सेन्सरचं रीडिंग माझ्यासमोर दाखवा मगच गाडी नेतो म्हणलंय. तोवर स्कॉर्पिओ तिथंच उभी आहे आणि पोरं एसटीनं शाळेला जातात.