राजारामपुरीतील दोन दिवसांचा अभ्यासवर्ग : पहिला दिवस चोख, दुसरा घाईचा

दहशतवादविरोधी उपाययोजनांचे अहवाल देश आंतरराष्ट्रीय पातळीवर कसे सादर करतात, या विषयावर कोल्हापूरच्या राजारामपुरीतील स्पर्धा परीक्षांच्या एका खासगी अभ्यासवर्गाने गेल्या महिन्यात शनिवार-रविवार वर्ग घेतला. शुल्क 1200 रुपये. त्यात टिपणांची पुस्तिका आणि चहा.

पहिल्याच दिवशी पैसे वसूल झाले. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 28 सप्टेंबर 2001 रोजी ठराव 1373 संमत केला आणि प्रत्येक देशाने 90 दिवसांच्या आत दहशतवादविरोधी समितीकडे अहवाल पाठवावा असे सांगितले, एवढे कोणत्याही गाइडमध्ये सापडते. सरांनी मात्र भारताच्या पहिल्या अहवालाच्या झेरॉक्स प्रती वाटल्या आणि ‘तरतूद आहे’ म्हणणाऱ्या वाक्यांखाली निळी, तर ‘कारवाई केली’ म्हणणाऱ्या वाक्यांखाली लाल रेघ ओढायला लावली. ऑक्टोबर 2001 मध्ये निघालेल्या ‘पोटो’ या दहशतवाद प्रतिबंधक अध्यादेशाच्या उल्लेखाखाली मी निळी रेघ ओढली आणि तेव्हा कुठे उमगले, की इथे परीक्षार्थीच आपली उत्तरपत्रिका तपासत असतो, म्हणजे देशच स्वतःबद्दल सांगतो; म्हणूनच 2004 च्या ठराव 1535 ने समितीच्या मदतीला तज्ज्ञांचे कार्यकारी संचालनालय दिले आणि ते संबंधित देशाच्या संमतीने तिथे जाऊन पाहणी करू लागले.

दुसऱ्या दिवशी घडी विस्कटली. पुस्तिकेत 1267 आणि 1373 या दोन्ही ठरावांच्या समित्या एकच असल्यासारखे छापले आहे. वास्तविक व्यक्ती आणि संघटनांची निर्बंध-यादी ठेवते ती 1267 ची समिती (‘जैश-ए-मोहम्मद’चा म्होरक्या मसूद अझहरचे नाव मे 2019 मध्ये चढले ते तिथेच). 1373 च्या समितीकडे अशी यादीच नाही. परीक्षेत नेमके इथेच गुण जातात. त्याहून खटकले ते असे, की आर्थिक कृती दलाची (एफएटीएफ, म्हणजे काळा पैसा पांढरा करणे आणि दहशतवादाला होणारा पैशाचा पुरवठा यांविरुद्धची आंतरराष्ट्रीय संस्था) देशांनी एकमेकांना तपासण्याची ‘परस्पर मूल्यमापन’ पद्धत शेवटच्या वीस मिनिटांत उरकण्यात आली. तिथे 40 शिफारशींनुसार कायदे तपासले जातात आणि त्या कायद्यांचा परिणाम 11 निकषांवर स्वतंत्रपणे जोखला जातो, म्हणजे आमच्या लाल रेघेचीच ती खरी परीक्षा. भारताचा सप्टेंबर 2024 मधील मूल्यमापन अहवाल हाती असताना त्यातले एक पानही उघडले गेले नाही.

मुख्य परीक्षेची तयारी करणाऱ्यांनी शनिवारसाठी जरूर जावे. पूर्वपरीक्षेपुरते वाचणाऱ्यांना तेवढ्या खोलात शिरण्याची गरज नाही. पुस्तिकेची दुरुस्त प्रत आठवडाभरात देऊ असे सांगितले होते. ती अद्याप मिळालेली नाही.