खडू, मांजर की रोबोट? प्राथमिक शाळेसाठी आधी काय घ्यावं

गावकऱ्यांनी वर्गणी काढलीय, कोडिंग शिकवायला रोबोटिक्सचं किट घेऊ का, असं शेजारच्या केंद्रातल्या एका सरांनी विचारलं. वर्गात मुलं अठ्ठावीस, किट येणार एक. म्हणजे चार पोरं हाताळणार आणि चोवीस जण माना उंचावून बघणार. माझा निकष एकच: तासाभरात किती मुलांचा हात लागतो?

त्या हिशेबाने पहिली ते तिसरीला काहीच विकत घेऊ नका. फरशीवर खडूने घरं आखा. एक मूल रोबोट, दुसरं हुकूम देणारं. "दोन घरं पुढे, उजवीकडे वळ." समोरासमोर उभं राहून हुकूम सोडला की रोबोट हमखास भलतीकडे जातो, कारण एकाची उजवी ती दुसऱ्याची डावी. थोडी भांडणं होतात, मग कुणीतरी रोबोटच्या मागे जाऊन उभं राहतं आणि हुकूम बदलतं. प्रोग्रामर दिवसभर हेच करतात! १९६७ साली मुलांसाठी लोगो ही प्रोग्रामिंग भाषा आली. तिच्यात हुकमाप्रमाणे रेघ ओढत चालणारं कासव असतं. त्या कासवाबाबत तिच्या जनकांपैकी एक, सेमूर पॅपर्ट, यांचाही हाच आग्रह होता, मुलांनी स्वतः कासव होऊन चालून बघावं. बी-बॉट नावाचा बटणांचा छोटा रोबोट मिळतो, एका हुकमाला १५ सेंमी सरकतो. गोड आहे, पण काम खडूचंच करतो.

चौथी-पाचवीला माझं मत सरळ स्क्रॅचला: हुकमांचे रंगीत ब्लॉक एकाखाली एक जोडायचे, की पडद्यावरची मांजर तसं करते. अमेरिकेतल्या एमआयटीने २००७ मध्ये आणलं, फुकट आहे, एकदा उतरवून घेतलं की इंटरनेट लागत नाही. एका कम्प्युटरवर तिघं बसली तरी चालतं. ब्लॉकवरचं इंग्रजी अडेल असं वाटलं होतं, पण पोरं रंगावरून ओळखतात. आमच्या एकीच्या मांजरीने पहिल्याच दिवशी विचारलं, "काय गं, जेवलीस का?"

खरी मजा आकृत्यांत. चौरस सगळ्यांना जमतो: चाला, ९० अंश वळा, चार वेळा. त्रिकोणाला सगळे ६० टाकतात, आणि मांजर अर्धा षटकोन काढून थांबते. आतला कोन ६०, पण वळायचं १२०. हे फळ्यावर सांगून मी थकले होते. मांजरीने दहा मिनिटांत पटवलं. पडद्याच्या मध्यावर शून्य आणि डावीकडे उणे संख्या, हेही त्यांनी विनातक्रार गिळलं.

मायक्रोबिट (प्रोग्राम भरता येणारी छोटी कम्प्युटर-पाटी) आणि तयार किट यांत निवडायचं तर मायक्रोबिट. २५ दिवे, दोन बटणं, हलवलेलं कळणारा सेन्सर, आणि पाटी हातात नसली तरी ब्राउझरमध्ये तिची नक्कल चालवता येते. ब्रिटनमध्ये २०१६ साली ती वाटली तीही ११-१२ वर्षांच्या मुलांना, तेव्हा पाचवीच्या आत घाई नको. आपल्या २०२० च्या शैक्षणिक धोरणातही कोडिंग येतं ते सहावीपासून.

किटचं दुखणं वेगळंच. पुस्तिकेतलं चित्र बघून जोडलं, बटण दाबलं, गाडी पळाली, टाळ्या! यात कोडिंग कुठे झालं? आमच्याकडे देणगीत आलेल्या किटची एक वायर हरवली, ती सुटी मिळेना, आणि अख्खा डबा कपाटात गेला. घेणारच असाल तर सुटे भाग मिळतात का, हे आधी विचारा. आणि पहिल्याच खरेदीत रिचार्जेबल सेल व चार्जर घ्या, नाहीतर दर शनिवारी सेल मुख्याध्यापकांच्या खिशातून येतात.